दोन मोठ्या एसयूव्हींतून एक निवडायची तर: भरलेल्या गाडीचा हिशेब

यादी दोन गाड्यांवर आली की माणसं हमखास एकाच चुकीत सापडतात. माहितीपत्रकं शेजारी ठेवायची, अश्वशक्ती, स्क्रीनचा आकार आणि ओढण्याची क्षमता ताडून पाहायची, मग एकट्याने रिकामी गाडी दहा मिनिटं चालवायची आणि ‘ही जरा भारी वाटली’ म्हणून ठरवून टाकायचं. सात-आठ माणसांची, पाच मीटरहून लांब, अडीच टनांच्या घरातली गाडी आपण विकत घेतो ती भरून वापरायला, आणि पारखतो मात्र रिकामी.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. क्रम उलटला, म्हणजे आधी गाडी चालवली आणि मग मापं घेतली, तर मन आधीच एका बाजूला झुकलेलं असतं आणि टेप त्याच बाजूने मोजते.

## १. आधी दोन दिवस लिहून काढा

गाडीबद्दल एक अक्षर वाचण्याआधी कागदावर दोन दिवस लिहा. पहिला, वर्षातला सगळ्यात जड दिवस: किती माणसं, त्यांत मोठी किती, लहान किती, किती बॅगा, छतावर काही आहे का, मागे ट्रेलर आहे का, रस्ता कसा, चढ किती. दुसरा, अगदी साधा मंगळवार: कोण चालवतं, किती किलोमीटर, गाडी कुठे लावायची, तिसऱ्या रांगेत कोणी बसतं का.

जड दिवस वर्षातून किती वेळा येतो तेही शेजारी लिहा. एकदाच येत असेल तर त्या दिवसापुरती दुसरी सोय करून साध्या मंगळवारला सोयीची गाडी घेणं शहाणपणाचं. महिन्यातून दोनदा येत असेल तर निवड जड दिवसानेच व्हायला हवी.

तपासा: कागदावर ‘कधीतरी लागेल’ असं वाक्य आलं असेल तर ते खोडा. गेल्या बारा महिन्यांत झालं तेवढंच मोजायचं.

## २. जागेची मापं, टेप हातात घेऊन

ही पायरी दहा मिनिटांची, पण वगळली तर महागात पडते. माहितीपत्रकातली रुंदी बहुतेक वेळा आरशांशिवायची असते. शेव्हरोले टाहोची रुंदी सुमारे २.०६ मीटर, टोयोटा लँड क्रूझर ३०० ची १.९८ मीटर, आरसे उघडे धरले तर दोघींना आणखी जागा लागते. तेव्हा मोजा:

- फाटकाची आणि पार्किंगच्या दाराची खरी रुंदी, बिजागरी आणि पाइप वजा करून
- छताची उंची, कॅरिअर किंवा अँटेना धरून
- गाडी उभी केल्यावर दोन्ही बाजूंना दार उघडायला उरणारी जागा
- मागे भिंत असेल तर डिकीचं दार वर जाताना मागे किती येतं, आणि छताला लागतं का

माझ्या एका नातेवाइकाची गाडी गॅरेजमध्ये छान बसली. फक्त डिकी उघडायची असली की ती आधी बाहेर काढावी लागते. लांबी मोजली होती, उघडलेलं दार मोजलं नव्हतं.

वळण्याचं माप दोन प्रकारे देतात. एक, चाकांना कडेपासून कडेपर्यंत लागणारी जागा. दुसरं, बंपरच्या कोपऱ्यांसकट भिंतीपासून भिंतीपर्यंत. दुसरा आकडा नेहमी मोठा असतो. एका गाडीचा पहिला आणि दुसरीचा दुसरा आकडा घेऊन तुलना करणारे बरेच भेटतात.

## ३. वजनाचा हिशेब: इथे घाई नको

निवडीचा निम्मा निकाल या पायरीवर लागतो, आणि जवळजवळ सगळे हीच पायरी सोडतात.

लक्षात ठेवायचा आकडा एकच, पेलोड: गाडीत माणसं, सामान, नंतर बसवलेल्या वस्तू आणि ट्रेलरच्या जोडदांडीतून हुकावर येणारा भार (पुढे ‘दांडीवरचा भार’) मिळून किती किलो चालतील. काढायला सोपा. गाडीचं कमाल मान्य एकूण वजन घ्या आणि त्यातून रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे कर्ब वेट, वजा करा.

सावध: रिकाम्या वजनाची व्याख्या सगळीकडे सारखी नसते. युरोपीय पद्धतीच्या आकड्यात चालकाचे ७५ किलो आणि ९० टक्के भरलेली इंधनटाकी धरलेली असते. इतर बऱ्याच ठिकाणी चालक धरत नाहीत. दोन गाड्यांचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीचे असतील तर ७५ किलो इकडचे तिकडे करा, मगच तुलना करा.

आता एक कल्पित उदाहरण. गाडी ‘अ’चं कमाल वजन ३,३५० किलो, रिकामी २,६२०, पेलोड ७३० किलो. गाडी ‘ब’चं कमाल वजन ३,३००, रिकामी २,६८०, पेलोड ६२० किलो. माहितीपत्रकात ‘ब’ ३,५०० किलो ओढते असं ठळक छापलंय, ‘अ’ ३,०००. कागदावर ‘ब’ जिंकली.

आता जड दिवस चढवा. पाच मोठी माणसं सरासरी ७० किलोंची, झाले ३५०. दोन मुलं मिळून ६०. बॅगा ९०. ट्रेलरचा हूक, पायऱ्या, कॅरिअर मिळून ४०. एकूण ५४० किलो. मागे १,८०० किलोंचा ट्रेलर. जड ट्रेलर स्थिर राहावा म्हणून त्याच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार दांडीवर ठेवतात. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. १० टक्केच धरले तरी १८० किलो, आणि हा भार गाडीच्याच पेलोडमध्ये मोजायचा. बेरीज ७२०.

‘अ’मध्ये १० किलो उरले. ‘ब’ १०० किलोंनी ओलांडली, तीही आपल्या ओढण्याच्या क्षमतेच्या जेमतेम निम्मा ट्रेलर लावून. ओढण्याचा तो मोठा आकडा बहुधा गाडीत एक-दोनच माणसं धरून काढलेला असतो. सात माणसं आणि कमाल ट्रेलर ही दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत.

इथेच आणखी एक खाच आहे. हूक मागच्या आसाच्याही (अॅक्सलच्याही) मागे असतो, म्हणून दांडीवरचा भार तरफेसारखा काम करतो. दोन आसांमधलं अंतर ३.१ मीटर आणि हूक मागच्या आसापासून १.३ मीटर मागे असेल, तर दांडीवरच्या १८० किलोंमुळे मागच्या आसावर सुमारे २५५ किलो पडतात आणि पुढचा आस ७५ किलोंनी हलका होतो. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग सैल. म्हणून एकूण वजनाबरोबर मागच्या आसाची वेगळी मर्यादाही पाहा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर ती बहुतेक वेळा लिहिलेली असते.

टायर आणि छत, पटकन. टायरच्या बाजूवर मापानंतर भारांक असतो: ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५०. छताची मर्यादा चालत्या गाडीसाठी सहसा ७५ ते १०० किलो, आणि त्यात कॅरिअरचं वजनही आलं.

तपासा: दोन्ही गाड्यांसाठी ‘पेलोड वजा जड दिवसाची बेरीज’ लिहा. उत्तर ऋण आलं तर ती गाडी इथेच बाद. पुढच्या पायऱ्यांत ती कितीही आवडली तरी परत आणायची नाही.

## ४. मॉडेल नको, नेमका प्रकार ठरवा

तुलना ‘ही गाडी की ती गाडी’ अशी होत नाही. या गाडीचा हा प्रकार, हे इंजिन, ही चाकं, अशी होते. वरच्या प्रकारात काचेचं छत, विजेवर हलणाऱ्या सीटा, मोठी चाकं येतात. रिकामं वजन वाढतं आणि पेलोड तेवढाच घटतो. म्हणून प्रकार ठरला की तिसरी पायरी नव्या आकड्यांनी पुन्हा करा.

चाकांकडे नीट बघा. टाहोवर १८ इंची चाकाला २६५/६५ टायर येतो आणि २२ इंची चाकाला २७५/५०. पहिल्याची भिंत सुमारे १७२ मिलिमीटर, दुसऱ्याची १३७. खड्डा सोसणारं रबर साडेतीन सेंटिमीटरनी कमी झालं. दिसायला २२ इंची देखणं, यात वाद नाही. कच्च्या रस्त्यावर तीच साडेतीन सेंटिमीटर आठवतात.

फोर-व्हील ड्राइव्हचा प्रकारही विचारा. मध्ये डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसलेली पार्ट-टाइम यंत्रणा कोरड्या डांबरावर चारही चाकांवर चालवायची नसते. वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जायला वाट नसते आणि यंत्रणा आवळते. पाऊस, कोरडा पट्टा, पुन्हा पाऊस असा रस्ता नेहमीचा असेल तर फुल-टाइम किंवा आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा सोयीची.

## ५. तिसरी रांग: विक्रेत्याला बोलू न देता

शोरूममध्ये पुढच्या सीटवर बसू नका. थेट मागे जा. क्रम असा:

१. घरातला सगळ्यात उंच माणूस चालकाच्या सीटवर बसवा आणि ती त्याला हवी तशी लावा.
२. मधल्या रांगेत मोठं माणूस बसवा, गुडघ्याला चार बोटं जागा ठेवून ती रांग थांबवा.
३. आता तिसऱ्या रांगेत स्वतः बसा. दोन मिनिटं नव्हे, पंधरा मिनिटं.

विक्रेता नेमकं उलटं करतो: मधली रांग पुढे सरकवून तिसरीत पाय पसरून दाखवतो.

बसल्यावर गुडघ्यांकडे पाहा. मांड्या सीटला टेकतात, की गुडघे छातीकडे येतात? कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस असेल तर त्याला वर-खाली हलायला जागा लागते आणि गाडीचा तळ वर येतो. शेव्हरोलेने २०२१ च्या टाहो-सबर्बनला मागे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) दिलं तेव्हा तळ खाली आला आणि तिसऱ्या रांगेला पाय ठेवायला जागा मिळाली. याउलट २०२३ च्या टोयोटा सेक्वोयात मागे अखंड आस आहे आणि हायब्रिडची बॅटरी मागच्या भागात तळाशी आहे, त्यामुळे तिसरी रांग मिटल्यावर सपाट तळ मिळत नाही. म्हणून ती गाडी वाईट ठरत नाही. तिथे नेहमी मोठी माणसं बसणार असतील तरच हे नडतं.

मग डोकं: छताला लागतं का, आणि मागची काच डोक्याच्या किती जवळ आहे? एसीची जाळी मागे आहे का? सीटबेल्टचं कुलूप लहान मुलाला स्वतः लावता येतं का?

सावध: मुलांची सीट वापरत असाल तर ती बरोबर न्या आणि मधल्या रांगेत बसवा. ती बसवलेली असताना मधली सीट पुढे कलंडते का, ते पाहा. अनेक गाड्यांत कलंडत नाही, आणि मग तिसऱ्या रांगेत जायला दोन सीटांमधली बोळच उरते. मध्ये सलग बाक असेल तर तीही नाही. आजी-आजोबा मागे बसणार असतील तर त्यांनाच चढायला-उतरायला लावा; ‘जमेल मला’ हे त्यांचं उत्तर ऐकू नका, हात कुठे टेकतात ते पाहा.

डिकीसाठी लिटरचे आकडे बाजूला ठेवा. जर्मन व्हीडीए पद्धतीत २० × १० × ५ सेंटिमीटरचे एक लिटरचे ठोकळे रचून जागा मोजतात. अमेरिकी पद्धत वेगळी. कुणी सीटच्या पाठीपर्यंत मोजतो, कुणी छतापर्यंत. तुमच्या जड दिवसाच्या बॅगा घेऊन जा, तिसरी रांग उभी ठेवा आणि रचा, पाठीच्या उंचीपर्यंतच. त्याहून वर रचलेली बॅग जोरात ब्रेक लागला की शेवटच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर येते.

तपासा: सगळं रचून झाल्यावर विचारा, ‘टायर पंक्चर झाला तर स्टेपनी काढायला यातलं काय काय बाहेर काढावं लागेल?’ काही गाड्यांत ती खाली टांगलेली असते, काहींत नसतेच.

## ६. टेस्ट ड्राइव्ह: एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर

दोन्ही गाड्या एकाच दिवशी मागा. वेगवेगळ्या आठवड्यांत चालवलेल्या गाड्यांची तुलना म्हणजे आठवणींची तुलना.

निघण्याआधी टायरची हवा दारावरच्या पट्टीप्रमाणे आहे का, बघा. नव्या गाड्या वाहतुकीसाठी जास्त हवेवर येतात आणि कधी तशाच राहतात. मग ‘ही फार आपटते’ असा निकाल टायरच्या हवेवर दिला जातो. दोन्ही गाड्या नॉर्मल मोडवर ठेवा.

आणि माणसं भरा. निदान चार मोठी माणसं आणि बॅगा. तीनशे-साडेतीनशे किलो चढले की शॉकअप, ब्रेक आणि गिअर बदलण्याची खरी जात कळते. मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकसंध असलेली) आणि वेगळ्या चेसिसवर बसवलेली गाडी यांतला फरकही भरल्यावरच नीट जाणवतो: खडबडीत रस्त्यावर चेसिसवालीत एक बारीक थरथर मागे रेंगाळते. काहींना ती कळतसुद्धा नाही, काहींना ती सोडत नाही. तुम्ही कुठल्यातले, ते भरलेल्या गाडीत बसून ठरवा.

रस्त्यावर एवढं करा:

- अरुंद गल्लीत एकदा यू-टर्न आणि एकदा रिव्हर्स, कॅमेरा झाकून
- चढावर थांबून पुन्हा निघणं
- मोकळ्या, सुरक्षित जागी दोनदा ठाम ब्रेक. दुसऱ्या वेळी नाक किती खाली जातं ते पाहा
- महामार्गाच्या वेगाला तिसऱ्या रांगेतल्याशी नेहमीच्या आवाजात बोलणं. ओरडावं लागलं तर लिहून ठेवा
- मागच्या सीटवर प्रत्येकाने किमान एक फेरी. गाडी लागणारं मूल असेल तर त्याने नक्की

या गाड्यांचं बॉनेट उंच, त्यामुळे पुढचं दिसत नाही. उभ्या गाडीपुढे कंबरेएवढी बॅग ठेवा आणि तिचा वरचा काठ चालकाला दिसेपर्यंत कुणालातरी ती गाडीपासून दूर सरकवायला लावा. बंपरपासूनचं अंतर मोजा. दोन गाड्यांत इथे बराच फरक निघू शकतो, आणि तो ठरतो चालकाच्या उंचीवरही. म्हणून घरातला प्रत्येक चालक हे करेल.

सावध: नंतर चालवलेली गाडी ताजी आठवते आणि बहुधा जास्त आवडते. वेळ असेल तर पहिली पुन्हा एकदा, पाच मिनिटं.

## ७. इंधन आणि पुढचा खर्च

‘एका लिटरला किती किलोमीटर’ हे माप इथे फसवतं. वर्षाला १५,००० किलोमीटर धरा. ७ ऐवजी ८ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला सुमारे २६८ लिटर वाचवते. ११ ऐवजी १२ देणारी फक्त ११४ च्या आसपास. ‘एकाच किलोमीटरचा फरक’ म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही गाड्यांचे आकडे १०० किलोमीटरला किती लिटर असे करून घ्या, आणि ते एकाच चाचणीपद्धतीचे आहेत ना, ते बघा.

इंजिनाबाबत तीन गोष्टी. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ‘चांगलं’ म्हटलंय की ‘आवश्यक’, हे पुस्तिकेत वाचा. दोन शब्दांत दर टाकीचा फरक आहे. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल तर डिझेल टाळा: काजळी जाळायला धूर-गाळणीला लांबची, तापलेली धाव लागते, नाहीतर ती तुंबते. आणि उंच डोंगरी भागात राहणं असेल तर टर्बो घ्या, कारण साधं पेट्रोल इंजिन दर १,००० मीटर उंचीला साधारण दहावा हिस्सा ताकद गमावतं.

टायरचा पूर्ण संच आणि ब्रेकपॅड यांचे दर दोन्हींसाठी लेखी मागा. जड गाडी दोन्ही लवकर खाते.

## ८. सुरक्षेचे तारे वाचताना

तारे मोजण्याआधी धडक-चाचणीचं वर्ष बघा. निकष कडक होत जातात, जुने पाच आणि नवे पाच एक नव्हेत. समोरून धडकेचे गुण तर जवळपास सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडायचे असतात. उंच गाडीत उलटण्याचा धोका वेगळा पाहा: दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. छतावर सामान चढवलं की तो घटतो. खिडक्यांवर उघडणारी पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे स्पष्ट विचारून घ्या.

## ९. निर्णय आणि सहीआधीची पट्टी

दहापैकी गुण देणारा तक्ता करू नका. त्यात ब्रेकला आठ आणि सीटच्या रंगाला आठ मिळतात आणि बेरीज काहीतरी सांगते. प्रत्येक गाडीसाठी तीन रकाने करा: नडणारं, चालवून घेता येईल असं, आवडलेलं. ‘नडणारं’मध्ये एक नोंद जरी असली तरी ती गाडी बाजूला. दोन्ही टिकल्या तर माझा कौल लहान आणि हलकीला. मोठेपणाचं कौतुक महिनाभर टिकतं, पार्किंग रोज करावं लागतं. तिथेही जुळलं तर ज्या गाडीची दुरुस्ती तुमच्या जवळ होते ती.

भाव करायला यानंतर जा, आधी नको. सवलत ऐकली की ‘नडणारं’मधल्या नोंदी आपोआप दुसऱ्या रकान्यात सरकतात.

सही करण्याआधी तुम्हाला मिळणार तीच गाडी समोर आणायला सांगा आणि चालकाचं दार उघडा. कमाल वजन, मागच्या आसाची मर्यादा, टायरचं माप आणि हवा, हे चारही आकडे पट्टीवरून उतरवून तिसऱ्या पायरीच्या कागदाशी जुळवा. टायरच्या भिंतीवरचे तारखेचे चार अंकही वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. यातलं काही जुळलं नाही तर पेन खिशात ठेवा.